शाळा सुटते पाचला, आई येते साडेसातला

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांतून इथल्या एका शाळेला कॉम्प्युटर द्यायचं आपण ठरवलंय. त्याचा फेरविचार व्हावा म्हणून लिहितेय.

आमच्या मागच्या बोळातली एक बाई शिरोली एमआयडीसीत पॅकिंगला जाते. मोठी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. धाकटा चार वर्षांचा, अंगणवाडीत. मोठीची शाळा पाचला सुटते. आईला शिफ्ट संपवून, बस गाठून घरी यायला साडेसात होतात. धाकटा दुपारपासून शेजारच्या आजींकडे असतो, पण आजींना आता नीट दिसत नाही. निघताना आई सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात कुलपात ठेवते. विचारलं तर म्हणाली, "पोरं हायती ओ ताई, भूक लागली की गॅसकडं जात्यात." मुलीच्या गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली किल्ली असते. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे अख्खी दुपार ती दोघं एकटी. आजी गावाला गेल्या की मोठीची शाळा बुडते, कारण आई घरी राहिली तर खाडा पडतो.

सरकारी सोय काय आहे याची चौकशी केली. मिशन शक्तीतली 'पाळणा' योजना चांगली आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. पण ती सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आणि बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यापासून चालत आलेली पाळणाघराची सक्तीही सहाव्या वर्षाशी थांबते. त्यापुढे मूल २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याकडे जातं आणि तो शाळेच्या घंटेबरोबर संपतो. सातव्या वर्षी मुलाला सांभाळावं लागत नाही, असं कुणी ठरवलं?

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण वसतिगृहं त्यांनी १९०१ पासूनच काढायला घेतली होती. शाळा सुटल्यावर पोरानं जायचं कुठं, हा प्रश्न त्यांनी शाळेइतकाच मोठा मानला. याच गावात तो आज अनुत्तरित राहावा, याचं मला फार वाईट वाटतं.

कॉम्प्युटर नकोत. शाळेतलाच एक वर्ग साडेसातपर्यंत उघडा राहू दे. मुलांना सांभाळणारी एक मावशी, अभ्यास घेणारी एक ताई आणि पोटभर खाऊ. एक वर्ष आपण चालवू, मग तेच दाखवून महापालिकेकडे मागणी करू.

*

ताई,

हे सगळ्यांना जाणार हे माहीत असून लिहितेय. आठ वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता आणि मी ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवर. शाळा तीनला सुटायची, माझं काम सहाला. काउंटीतल्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, चाइल्ड केअरच्या कार्यालयात शाळेनंतर मुलाला सांभाळायच्या खर्चासाठी अर्ज केला, पगाराच्या पावत्या आणि कामाच्या तासांचं मालकाचं पत्र जोडून. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या चाइल्ड केअर अँड डेव्हलपमेंट फंडातून येतो. मूल तेरा वर्षांखालचं हवं, पालक कामावर किंवा शिकत असावेत आणि कमाई राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत हवी. राज्य याहून कमी मर्यादाही ठेवू शकतं. मंजुरी निदान बारा महिने टिकते, त्यामुळे मध्ये पगार थोडा वाढला म्हणून लगेच काही बंद होत नाही. सरकार मूल सांभाळणाऱ्या संस्थेला पैसे देतं, आपण थोडा वाटा भरायचा. पात्र असलेल्या बहुतेकांपर्यंत मात्र हा पैसा पोचत नाही. मीही पाच महिने थांबले होते.

पहिल्या दिवशी न्यायला गेले, तर त्यानं गृहपाठ करून, वही दप्तरात घालून, कोटाची चेनसुद्धा लावली होती. गाडीत बसल्यावर मी रडले.

आपल्यापैकी कुणाला गरज असेल तर लाजू नका. या मदतीसाठी व्हिसाचं बघताना मुलाचं बघतात, आई-बापाचं नाही. मुलं इथं जन्मलेली असतील तर जरूर विचारा, कागद भरायला मी बसते.

आणि ताई, मे महिन्याची सुट्टी आत्तापासूनच धरा. मूल कुणाच्या ताब्यात दिलं, त्याची रोज सही घ्या.

*

सर्वांना नमस्कार,

खजिनदार म्हणून एक अडचण सांगतो. मंडळाचे पैसे शाळेला किंवा त्या मावशींना थेट पाठवता येणार नाहीत. भारताच्या २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच द्यावे लागतील, तेही तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात. त्या संस्थेला ते पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत, म्हणजे वर्ग तिनंच चालवायला हवा. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्यांची धरली जाते. ताईंनी कोल्हापुरात नोंदणी असलेली, मुलांसोबत काम करणारी संस्था शोधावी. कॉम्प्युटरची ऑर्डर मी थांबवतो.

*

काका, आभार. आज मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. तळमजल्यावरचा, नळाजवळचा वर्ग द्यायला त्या तयार आहेत, पण महापालिकेची लेखी परवानगी हवी म्हणाल्या. अर्ज सोमवारी देते. पाचनंतर ज्यांच्या घरी कुणी नसतं, अशा मुलांची यादी वर्गशिक्षिका करताहेत. पहिली ते चौथीत आत्तापर्यंत एकोणीस नावं झाली.