सर्व्हर रूमचे तिन्ही एसी 18 वर, तरी वरचा सर्व्हर तापतोय

हिंजवडी_फेज२: दोन रॅक, यूपीएसवर लोड 8 किलोवॅट. दोन टनांचे तीन स्प्लिट एसी चोवीस तास चालू. तरी वरच्या सर्व्हरचा इनलेट (आत ओढलेली हवा) 29 अंश. चौथा एसी घ्यावा का? की थंडीत बाहेरचीच हवा आत घ्यावी?

रॅकवाला: चौथा अजिबात नको. एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॅट, म्हणजे तुमची गरज सव्वादोन टनांची. स्प्लिटची काही ताकद हवेतला ओलावा काढण्यात जाते. पाऊणच कामी येते धरलं तरी दोन एसी साडेदहा किलोवॅट ओढतात. तिसरा राखीव ठेवा.
अडचण हवेच्या वाटेत आहे. रॅकमधल्या रिकाम्या जागांतून मागची गरम हवा पुढे येते आणि वरचा सर्व्हर तीच ओढतो. प्रत्येक रिकाम्या यूवर (रॅकमधल्या एका खणावर) ब्लँकिंग पॅनल, म्हणजे झाकणाची पट्टी लावा, केबलची भोकं ब्रशने बंद करा. नेटवर्क स्विचही बघा: काही मॉडेल गरम हवा पोर्टच्या बाजूने सोडतात, ती बाजू रॅकच्या पुढे असेल मग पंखे उलट्या दिशेचे घ्यावे लागतात.

थंडाई: हे झाल्यावरच सेटिंग वाढवा. रिमोटवरचा आकडा एसीकडे परतणाऱ्या हवेचा असतो. ती 27 असेल तर 18 कधी गाठलंच जात नाही, कॉम्प्रेसर थांबतच नाही. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या इनलेटला 18 ते 27 अंश आहे. आठवड्याला एकेक अंश वाढवा, आयपीएमआयवर (सर्व्हरमधल्या सेन्सरचे आकडे दाखवणारी सोय) सगळ्यात वरच्या सर्व्हरचा इनलेट बघा आणि तो 25 ला पोचला की थांबा. यूपीएसचा लोडही बघत राहा. सर्व्हरच्या पंख्याचा वेग 20 टक्के वाढला की त्याची वीज सुमारे 73 टक्के वाढते. एसीवर वाचवलेलं तिथेच जातं.
ड्रेनचं पाणी बादलीत मोजा. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास 0.7 युनिट इतकी उष्णता नुसत्या ओलाव्यापायी काढली. जास्त पडत असेल तर दाराच्या फटी बुजवा.

कोथरूडकर: बाहेरच्या हवेचा मोह टाळा. डिसेंबरच्या रात्री चांगल्या गार असतात हे खरं, पण बांधकामाची धूळ आत येते. पावसाळ्यात तर दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचं पाणी व्हायला लागतं ते तापमान) 20 च्या वर असतो आणि ॲश्रेची शिफारस 15 पर्यंतची आहे. फिल्टर, डॅम्पर (हवेची झडप), सेन्सर हा सगळा खर्च 8 किलोवॅटसाठी वसूल व्हायचा नाही.
आणि हो, ऑटो-रीस्टार्ट तिन्ही एसींना आहे ना? नसेल तर लाइट जाऊन आल्यावर एसी बंदच राहतात, सर्व्हर मात्र यूपीएसवर तापत असतात.