घरातल्या मांजरांसाठी पाकिटातील लिटर विकत घेणे खरोखरच आवश्यक आहे का?

मानेवाडा, तिसरा मजला

आमच्या घरी एक बोका आणि एक भाटी अशी दोन मांजरे आहेत. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली सोडणे शक्य नाही, आणि गल्लीतील कुत्री तर जिन्याच्या तोंडाशीच बसलेली असतात, त्यामुळे दोघेही चोवीस तास घरात असतात. गेली तीन वर्षे मी त्यांच्या शौचाच्या ट्रेमध्ये घालण्यासाठी ओले होताच गोळा धरणारे बेंटोनाईट मातीचे लिटर आणत होतो. (‘लिटर’ मागितले की आमचा दुकानदार अजूनही ‘किती लीटर?’ असे विचारतो, परंतु दुसरा शब्द रूढ नसल्याने येथेही तोच वापरतो.) किलोला ६० रुपये या दराने दोघांना महिन्याला १२ किलो लागत असे, म्हणजे ७२० रुपये केवळ मातीचे होत.

चार महिन्यांपूर्वी मी लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, ज्यांना पेलेट म्हणतात आणि ज्या मुळात भट्ट्यांत व बॉयलरमध्ये जाळण्यासाठी तयार होतात, त्यांचे ४० किलोचे पोते ६०० रुपयांना आणले. ते आम्हाला तीन महिन्यांहून अधिक पुरले. या गोळ्यांत वेगळा डिंक घालावा लागत नाही, कारण दाबामुळे आणि उष्णतेमुळे लाकडातील लिग्निन हे नैसर्गिक द्रव्य मऊ पडून तेच भुशाला बांधून ठेवते. मूत्र पडले की गोळी ते शोषून फुलते आणि पुन्हा भुसा होऊन विखुरते. मी एका प्लास्टिकच्या टबाच्या तळाला भोके पाडून तो दुसऱ्या टबात बसवला आहे. रोज सकाळी वरचा टब हलवला की ओला भुसा खाली गळतो, कोरड्या गोळ्या वर राहतात आणि विष्ठा झाऱ्याने उचलता येते. झारा अर्थातच स्वयंपाकघरातून कायमचा निवृत्त झालेला आहे.

तेव्हा माझे मत असे की, नागपूरसारख्या ज्या शहरात भुशाला तोटा नाही, त्या शहरातील सामान्य कुटुंबाने कच्छ आणि बाडमेरच्या खाणींतून निघणारी माती सुगंध लावून आणि मांजराचे चित्र छापलेल्या पिशवीत घालून विकत घेण्याचे काहीच कारण नाही.

धरमपेठची बोकेवाली

आपला हिशेब किलोचा आहे, आणि मला वाटते चूक तेथेच आहे. लिटर म्हणजे केवळ मूत्र शोषणारी वस्तू नव्हे. घरातल्या मांजराच्या प्रकृतीची ती रोजची नोंदवही असते. बेंटोनाईट पाण्याने कित्येक पट फुगते आणि चिकट होऊन घट्ट गोळा धरते, म्हणून मला माझ्या बोक्याने कालपासून किती वेळा आणि किती प्रमाणात मूत्रविसर्जन केले हे मोजता येते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नेहमीच्या तीन मोठ्या गोळ्यांऐवजी सुपारीएवढे सहा-सात गोळे निघाले आणि दुपारी तो ट्रेमध्ये नुसताच बसून राहिला. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती खड्यांनी किंवा चिकट बोळ्याने बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आम्ही त्याच संध्याकाळी दवाखाना गाठला म्हणून तो वाचला. आपल्या भुशात ही गोष्ट मला दिसली असती का?

दुसरे असे की मांजर ही मूळची रुक्ष, वाळूच्या प्रदेशातील रानमांजराची वंशज आहे. तिला पायाखाली बारीक, मऊ आणि उकरता येईल असे काही लागते. खडबडीत गोळ्या आवडल्या नाहीत तर ती निषेधाचा अर्ज देत नाही, सरळ गादीवर जाते. कापसाची गादी उसवून, कापूस पुन्हा पिंजून भरून घेण्याचा खर्च आपल्या ५२० रुपयांच्या बचतीत एकदा मांडून पाहावा.

महालातला जुना वाडा

दोन्ही पक्षांचे वाचून नवल वाटले. आमच्या वाड्यात पन्नास वर्षे मांजरे नांदली. परसात एका कोपऱ्यात रेतीचा ढीग असे, घरात आजारी मांजर असेल तर घमेल्यात रेती आणि वर चुलीतली राख, आणि सकाळी ती झाडाच्या बुडाशी. यासाठी कोणी एक पैसा दिल्याचे मला आठवत नाही. ज्यांना जागा नाही त्यांनी मांजर पाळण्यापूर्वी विचार करावयास हवा होता.

मानेवाडा, तिसरा मजला

आजोबा, परसू होते तोवर ते ठीक होते. परंतु घमेले आता सदनिकेत आणून पाहू. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर थर दिला तर सहा लीटर रेती लागते, आणि ती नऊ-दहा किलो भरते. रेतीचा कण स्वतः काहीच शोषत नाही, मूत्र सरळ तळाशी जाऊन साचते, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी हे सगळे ओझे तीन मजले उतरवायचे आणि तेवढेच वर चढवायचे. शिवाय कन्हान नदीची रेती आता ढिगाने कोणी फुकट देत नाही. घरासमोर बांधकामासाठी पडलेली उचलावी, तर त्यावर गल्लीतील सगळ्या मांजरांचा हक्क आधीच प्रस्थापित झालेला असतो.

राखेविषयी सांगायचे तर ती अल्कधर्मी असते. मूत्रातील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आणि माध्यम जितके अल्कधर्मी तितका तो अमोनिया वायुरूपाने अधिक सुटतो. त्यामुळे राखेने वास झाकला जातो असे वाटले तरी ओल्या राखेत उलटेच घडते. गंमत म्हणजे आजच्या पाकिटबंद लिटरचा जन्मच राखेच्या तक्रारीतून झाला. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांच्याकडे एक शेजारीण आली, तिच्या मांजराच्या राखेने माखलेल्या पावलांचे ठसे घरभर उमटत होते. लो यांनी तिला कारखान्यांत सांडलेले तेल टिपण्याची दाणेदार माती दिली, जी आपण मुलतानी माती म्हणून ओळखतो. त्यांच्या घरच्या धंद्यात त्याच कामासाठी लाकडाचा भुसाही विकला जात असे. त्या दिवशी त्यांनी भुशाची पिशवी पुढे केली असती तर धरमपेठच्या ताई आज माझ्या बाजूने असत्या.

धरमपेठची बोकेवाली

नसते. गोळा धरणारे लिटर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८४ च्या सुमारास आले, आणि माझा मुद्दा गोळ्याचाच आहे. त्याला आपण अजून उत्तर दिलेले नाही.

लकडगंजचा आरामशीनवाला

भुशाचा विषय निघाला म्हणून धंद्यातला माणूस या नात्याने लिहितो. आमच्याकडे आठवड्यातून एखादा तरी मांजरवाला पोते घेऊन भुसा मागायला येतो, आणि मी त्याला शक्यतो परत पाठवतो. आरामशीनच्या खाली पडणाऱ्या भुशात सागवान, बाभूळ, आयात लाकूड असे सगळे मिसळलेले असते. सागवानाच्या धुळीने माणसाच्या त्वचेला खाज सुटते आणि दमेकऱ्याला धाप लागते, मग मांजर तर त्यात नाक खुपसून उकरते. फर्निचरच्या कारखान्यातील भुसा त्याहून वाईट, कारण त्यात प्लायवूडचा गोंद आणि कधी वाळवीचे औषधही असते. मोकळा भुसा हलका असल्याने पायांना चिकटून पंख्याखाली घरभर उडतो, ते वेगळेच.

पेलेटची गोष्ट निराळी आहे, परंतु मानेवाड्याच्या साहेबांनी एक बाब सांगितली नाही. जळणाच्या पोत्यावर आत काय आहे ते मांजराच्या सोयीने लिहिलेले नसते. आपल्या भागात पऱ्हाटी, तुराट्या आणि सोयाबीनचे कुटार यांचेही पेलेट बनतात. विकणाऱ्याला विचारून निव्वळ लाकडाचे, त्यातही पाईनसारख्या मऊ लाकडाचे आणि उष्णतेने नीट सुकवलेले पेलेट घ्यावेत. गोळी हातात घेऊन मोडून पाहावी आणि पाण्यात टाकावी. चांगली गोळी काही मिनिटांत भुसा होते. जी बराच वेळ तशीच राहते ती लिटर म्हणून निरुपयोगी आहे.

काटोल रोड

पऱ्हाटीबद्दल आरामशीनवाल्यांशी पूर्ण सहमत. आमची कपाशी आहे आणि बोंडअळीसाठी त्यावर काय काय फवारले जाते हे आम्ही जाणतो, त्यामुळे ते पेलेट मी स्वतःच्या मांजराखाली घालणार नाही. मी भंडाऱ्याच्या राईस मिलमधून धानाचा तूस आणून वापरून पाहिला. स्वस्त होता हे खरे, परंतु त्याच्या सालीत सिलिका असल्याने तो पाणी शोषत नाही, टोचतो, आणि मांजर उकरू लागले की फराळी चिवड्यासारखा चहूकडे उडतो. आठवडाभरात बंद केला.

माझ्या मते या वादात एक तिसरा पर्याय दुर्लक्षित राहतो आहे. टोफू लिटर म्हणून जे विकले जाते ते सोयाबीनचे दूध काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे असते. ते गोळा धरते, हलके असते आणि त्याची धूळ फारशी उडत नाही. सोयाबीन पिकवणारे आपण, आणि चोथ्याच्या पिशवीला किलोमागे दोनशेच्या वर रुपये मोजणारेही आपणच, याचा मात्र संताप येतो.

पशुवैद्यकांचा मदतनीस

मी एका खासगी दवाखान्यात काम करतो आणि दोन्ही बाजूंच्या मांजरांना सलाईन लावलेले आहे, तेव्हा थोडे लिहितो. लिटर कोणतेही असो, विष्ठा रोज उचलणे हे त्याच्या जातीपेक्षा महत्त्वाचे आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून पडतो, परंतु ताज्या विष्ठेत तो बाधक नसतो; त्याला तयार होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोज साफ होणारा ट्रे सुरक्षित असतो आणि गरोदर स्त्रीने तरीही ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. महालातल्या आजोबांची झाडाच्या बुडाशी टाकण्याची पद्धत याच कारणाने टाळावी, विशेषतः त्या परसात कोथिंबीर किंवा पालक लावत असाल तर.

आमच्याकडे लिटरमुळे येणाऱ्या रुग्णांपेक्षा ट्रे धुण्याच्या औषधामुळे येणारे रुग्ण अधिक वाईट अवस्थेत असतात. फिनाईल मुळीच वापरू नका. मांजराच्या यकृताला फिनॉलवर्गीय पदार्थ निष्प्रभ करणे जमत नाही, आणि ती पाय चाटते. ब्लिचिंग पावडरही मूत्र असलेल्या ट्रेमध्ये टाकू नका, अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. साधा भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि नागपूरचे ऊन एवढे पुरे आहे.

धरमपेठच्या ताईंचा मूत्रमार्गाचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांना गोळा धरणारे लिटर देऊ नये, कारण ती ते खातात आणि ते पोटात फुगते. पिल्लांसाठी पेलेटच बरे.

एक वाचक, प्रतापनगर

हे सगळे कचऱ्याच्या गाडीत ओल्यात टाकायचे की सुक्यात? आमचा गाडीवाला दोन्हींत घेत नाही.

मानेवाडा, तिसरा मजला

आमच्याकडेही तोच वाद झाला होता. आम्ही विष्ठा आणि ओला भुसा वर्तमानपत्रात बांधून, डायपरसारखा, वेगळ्या पुडक्यात देतो आणि त्यावर आता कुरबुर होत नाही. बेंटोनाईटचा विचार केला तर ती माती भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात जाऊन मातीच राहणार, भुसा निदान कुजतो. संडासात मात्र कोणीही काही ओतू नये. गोळा धरणारी माती पाईपमध्येही गोळाच धरते, आणि टोफूच्या पिशवीवर काहीही लिहिलेले असले तरी चार मजल्यांच्या जुन्या इमारतीच्या पाईपवर तो प्रयोग करण्याचे धैर्य माझ्यात नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण मी तो टाळत होतो हे खरे आहे. भुशात गोळे मोजता येत नाहीत. मी खालच्या टबातील भुशाचा ओलेपणा पाहतो, परंतु दोन मांजरांमध्ये कोणाचे किती हे मला सांगता येणार नाही, आणि बोका आता सहा वर्षांचा आहे. त्याशिवाय मे महिन्यात डेझर्ट कूलर सुरू झाल्यावर हॉलमधल्या ट्रेला वास येऊ लागला होता, कारण बाहेर हवा कितीही कोरडी असली तरी कूलरसमोरचा भुसा सुकतच नव्हता. तो ट्रे बाल्कनीच्या दाराशी हलवल्यावर फरक पडला. तरीही ७२० रुपये महिना मी पुन्हा देणार नाही.

धरमपेठची बोकेवाली

मग देऊ नका, परंतु निम्मे द्या. दोन मांजरांना तसेही तीन ट्रे हवेत, एकाला एक आणि वर एक जादा. त्यांपैकी दोन आपल्या पेलेटचे ठेवा आणि एक बेंटोनाईटचा. बोका कोणत्या ट्रेमध्ये जातो ते पंधरा दिवस पाहा. माझी खात्री आहे की तो मातीत जाईल, आणि मग त्याचे गोळे आपोआप मोजले जातील.

मानेवाडा, तिसरा मजला

काल संध्याकाळी पाच किलोची पिशवी आणून तिसरा ट्रे भरला. पिशवी उघडल्यावर मातीची जी धूळ उडाली तिने मला दहा मिनिटे शिंका आल्या, याची नोंद घ्यावी. बोका रात्री मातीत गेला, ताई. भाटी मात्र सकाळी पेलेटच्याच टबात बसली आणि नंतर त्या नव्या ट्रेमध्ये जाऊन झोपली.