आप्पांची काँटेसा: बाहेरून आहे तशीच ठेवून आत दमदार इंजिन बसवायचंय, कोणी केलंय का?

शहापूरचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. बेळगाव शहापूरात राहतो. आमच्याकडे १९९४ ची काँटेसा क्लासिक आहे, पेट्रोल, इसुझूचं १.८ इंजिन. आप्पांनी १९९९ ला सेकंड हँड घेतली होती, तेव्हा ते उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे, आणि आमच्या गल्लीत चारचाकी असलेलं घर आमचंच एक. क्रीम कलर, स्टीलची चाकं, त्यावर हबकॅप, मागच्या डाव्या दाराला एक पोचा आहे तो माझ्या सायकलनं पडलेला, आप्पांनी कधी काढू दिला नाही.

गेल्या मे मध्ये गोव्याहून येताना केरी सोडून चोर्ला घाट चढायलो होतो आणि रेडिएटरचा वरचा होज फुटला. मला वास आला तोवर काटा लालच्या पार गेलेला. थांबलो, पण उशीर झाला होता. हेड वाकलं, आणि उघडल्यावर दोन सिलिंडरच्या मधे ब्लॉकलाच चीर दिसली, नख फिरवलं की अडकतं एवढी. गॅरेजवाले म्हणाले वेल्डिंग करून देतो पण भरवसा देणार नाही. तेव्हापासून गाडी शेडात आहे. आप्पा आता ७४ चे आहेत, गाडी सुरू होत नाही तरी रोज सकाळी जुन्या बनियननं बॉनेट पुसतात. मला ते बघवत नाही हो.

म्हणून विचारतोय. इंजिन तर घालायलाच लागणार आहे, मग नुसतं चालेल असं कशाला, चांगलं ताकदीचं घालावं असं मनात आहे. स्लीपर म्हणतात तशी. बाहेरून बघणाऱ्याला आप्पांचीच जुनी गाडी दिसली पाहिजे, तोच रंग, तीच चाकं, तो पोचा पण, आणि चोर्ल्याचा चढ आला की तिनं दम न खाता वर जावं. टोयोटाचं जपानी १जेझेड इंजिन घालावं की इनोव्हाचं डिझेल, काही कळेना. बजेट चार ते पाच लाख, ते पण हळूहळू. ज्यांनी हात घातलाय त्यांनी सांगा.

निपाणी_जेझेड:

भावा, वाचून अंगावर काटा आला. काँटेसा म्हणजे आपल्याकडची मसल कारच की, लांब बॉनेट, मागच्या चाकाला ड्राइव्ह, तसली दुसरी गाडी इथं झालीच नाही. आणि मसल कार मुळात अशाच झाल्या, १९६४ ला पाँटियाकवाल्यांनी साधी टेंपेस्ट घेतली आणि तिच्यात मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ टाकलं, झाली जीटीओ. म्हणजे तुझ्या डोक्यात आलंय ते काही वेगळं नाही.

माझ्याकडे काँटेसात १जेझेड आहे. २.५ लिटर, सरळ रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो, कागदावर २८० पीएस आणि टॉर्क ३६३ न्यूटन मीटर. तुझ्या इसुझूचे पंच्याऐंशीच्या आसपास, आता तूच गुणाकार कर. लोक विचारतात एवढं लांब इंजिन बसलं कसं, तर काँटेसाची बॉडी म्हणजे इंग्लंडच्या वॉक्सॉलची, त्यांची १९७२ ची एफई सिरीज, आणि त्याच बॉडीत त्यांनी व्हेंटोरा म्हणून गाडी काढली होती तिच्यात ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन यायचं. म्हणजे जागा पहिल्यापासून सहाची, आपण चार भरून चालवत होतो.

पण खरं सांगतो, माझी गाडी रोडवर फिरत नाही. फ्लॅटबेडवर टाकतो आणि कोईम्बतूरच्या करी ट्रॅकला नेतो. पहिल्या वर्षी मागचा अ‍ॅक्सल ओरिजिनलच ठेवला होता, मला वाटलं बघू पुढं. दुसऱ्याच लाँचला, म्हणजे जाग्यावरून जोरात सुटताना, क्लच सोडला, खाडकन आवाज झाला, इंजिन ओरडतंय आणि गाडी जाग्यावर. हाफ शाफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सलमधला चाक फिरवणारा दांडा, पिळून तुटला होता, तुटलेलं तोंड बघितलं तर दोरी पिळल्यासारखे वळ. नंतर अ‍ॅक्सल, मग गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग पेट्रोलची टाकी, एकामागून एक सगळं बदलत गेलो. तुझ्या बजेटमध्ये १जेझेड नीट होणार नाही, अर्धवट होईल, आणि अर्धवट गाडीत आप्पांना बसवू नकोस.

उद्यमबाग_लेथ:

निपाणीवाल्या दादांनी बरोबर सांगितलंय. माझं मशीन शॉप आहे, प्रॉपेलर शाफ्ट आणि मौंटिंगची कामं येतात, त्यावरून बोलतो.

इंजिन सगळ्यात शेवटी. आधी थांबायचं बघ. ८० वरून थांबायचं आणि १२० वरून थांबायचं यात ब्रेकला सव्वादोन पट काम पडतं, दीड पट नाही, कारण वेगाचा वर्ग होतो. पुढच्या डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, बूस्टर सगळं खोलून नवं कर, मागचे ड्रम टर्निंगला आण, ब्रेक पाईप तीस वर्षांचे आहेत ते आतून गंजलेले असणार, डोळे झाकून बदल. घाटात टर्बोपेक्षा याचा उपयोग जास्त.

इनोव्हाचं डिझेल घालू नको, २.५ लिटर असून १०२ पीएस, टॉर्क २०० आहे ते बरंय पण इंजिन जड आणि तुझी गाडी पेट्रोलची, आवाज पण ट्रॅक्सचा येईल. त्यापेक्षा जुन्या इनोव्हाचंच पेट्रोल बघ, १टीआर, १९९८ सीसी, १३० च्या वर पीएस, टायमिंग बेल्ट नाही चेन आहे. मुख्य म्हणजे ते उभं बसतं आणि मागच्या चाकाला ड्राइव्ह देतं, म्हणजे गिअरबॉक्स त्याचाच घ्यायचा, ५ स्पीड. आणि पार्ट बेळगावात, कोल्हापुरात कुठंही मिळतो. जपानी हाफ कटचा, म्हणजे तिकडून अर्धी कापून आणलेल्या गाडीच्या इंजिनचा, एक सेन्सर गेला की महिना गाडी उभी.

जिथं लोक फसतात ते सांगतो. एक, समप, म्हणजे इंजिनच्या बुडाचं तेलाचं भांडं. इंजिनचा समप खोल कुठं आहे आणि तुझा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिनखालचा आडवा बार, आणि स्टिअरिंग रॅक कुठं आहे ते मापल्याशिवाय इंजिन विकत घेऊ नको. दोन, शाफ्टचा कोन. गिअरबॉक्सचं तोंड आणि अ‍ॅक्सलचं तोंड एकमेकांना समांतर पाहिजे, शाफ्टच्या दोन्हीकडच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन सारखा आला तर ठीक, नाहीतर ७० च्या पुढं अख्खी गाडी गुणगुणते आणि माणूस टायर बॅलन्स करत बसतो. शाफ्ट कापला की बॅलन्सिंग करायचंच, वेल्ड मारला आणि घातला असं नाही. तीन, पेट्रोल. तुझी गाडी कार्ब्युरेटरची, नव्या इंजिनला इंजेक्शन, म्हणजे टाकीत हाय प्रेशर पंप, आणि टाकीच्या आत पत्रा घालायला लागतो नाहीतर वळणावर पेट्रोल एका कुशीला जातं आणि पंप हवा ओढतो. जांबोटीच्या पुढं तर वळणंच वळणं. चार, वायरिंग घेताना इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किल्ली आणि इमोबिलायझर एकाच गाडीचं घे, वेगवेगळं उचललंस तर सुरूच होणार नाही.

आणि अ‍ॅक्सल बदलायचा झाला तर चाकाच्या बाहेरच्या कडेला टेप लावून आधी रुंदी माप. चाक आर्चच्या बाहेर बोटभर जरी आलं तरी लांबून ओळखू येतं, मग कसला स्लीपर.

कॅम्प_वकिली:

मी कुणाचा उत्साह मोडायला आलो नाही पण हे लिहायलाच पाहिजे, कारण अशा चर्चेत कागदाचं कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती नोंदलेली असते तिच्याशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच ठासून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण दंड सोडा, खरी भीती विम्याची. उद्या कोगनोळीजवळ कुणाला धक्का लागला आणि सर्व्हेअरनं बॉनेट उघडून इंजिन नंबर मिळवला तर कंपनी हात वर करायला मोकळी, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते.

तुमची गाडी १९९४ ची, म्हणजे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यूअल, २०२४ ला झालं असेल तर पुढचं २०२९ ला. तिथं इंजिन नंबर बघतातच. कुणीतरी सांगेल व्हिंटेज नंबर घ्या म्हणून, तर २०२१ च्या नियमात त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण लागतात, काँटेसाच मुळात १९८४ ची, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही.

तर काही विकत घ्यायच्या आधी आरटीओला लेखी अर्ज द्या, ब्लॉकच्या चिरेचे फोटो जोडा, आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी ‘चालतंय की’ला काही किंमत नाही.

संकेश्वरचे_काका:

बाळा, मी एका साखर कारखान्याच्या साहेबांची काँटेसा अकरा वर्षं चालवली. आधी १.५ ची होती, अँबेसिडरचंच इंजिन, १४८९ सीसी, पन्नासच्या आसपास पॉवर, वंटमुरीच्या घाटात ट्रक ओव्हरटेक करायचा म्हणजे देवाचं नाव घ्यायला लागायचं. मग १.८ आली, ५ गिअरची, आणि साहेब पहिल्यांदा म्हणाले, हळू चालव. ते इंजिन कमी समजू नका. पाणी, तेल आणि कार्ब्युरेटर नीट असेल तर ती गाडी हायवेला दिवसभर चालते आणि मागे बसलेल्या माणसाच्या कपातला चहा हलत नाही.

माझ्या ओळखीत गडहिंग्लज रोडला एक १.८ चा ब्लॉक पडून आहे, क्रँकसकट. वकीलसाहेब म्हणतात तसं कागदाला पण ते सोपं, तेच इंजिन, तोच टाइप. घरी आप्पांना विचारलंस काय? गाडी त्यांची आहे.

शहापूरचा_पोरगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा शेवटचा प्रश्न लागला मला, कारण विचारलंच नव्हतं, सरप्राइज द्यायचं डोक्यात होतं.

काल रात्री जेवताना सांगितलं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आवाज बदलणार काय? म्हटलं थोडा बदलेल. म्हणाले, तुझी आई गाडी आरपीडी कॉलेजच्या कोपऱ्यावर वळली की आवाजावरून ओळखून चहा टाकायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. मला पुढं काही बोलताच येईना.

१जेझेडचा नाद सोडलाय. अर्ज लिहायला घेतलाय, फोटो काढले, वकील दादा एकदा नजर टाकाल का. काका, तो ब्लॉक ठेवायला सांगा, बघायला येतो. पण १टीआरचं मनातून जात नाही हे पण खरं.

निपाणी_जेझेड:

भावा, एकच म्हणतो. सायलेन्सर. आवाज जास्त करून तिथूनच येतो. इसुझूचाच मागचा डबा आणि तीच पाईपची जाडी दिसायला ठेव, आतलं काय असेल ते असेल. माझ्याकडे काँटेसाचा ओरिजिनल मागचा डबा पडून आहे, न गंजलेला. पैसे नकोत, आप्पांसाठी घेऊन जा.

उद्यमबाग_लेथ:

उत्तर येईपर्यंत ब्रेक आणि रेडिएटर करून घे, ते कुठलंही इंजिन घातलंस तरी लागणारच. रेडिएटर तांब्याचा आहे ना, टाकून देऊ नको, कोअर जाड घालून दे म्हणावं, वरचं-खालचं टँक तेच राहू दे. बॉनेट उघडलं तरी जुनंच दिसेल. आणि होज सगळे नवे, क्लिपा पण.

शहापूरचा_पोरगा:

बारा दिवसांनी लिहितोय. अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आलेलं नाही. ब्रेकचं काम चालू आहे, पाईप खरंच आतून गंजलेले निघाले, एक तर हातानं वाकवताना मोडला.

पण सांगायचं ते दुसरंच. लेथवाल्या दादांनी समपचं लिहिलं होतं ते मी आप्पांना वाचून दाखवलं, इंजिन न घेता मापायचं कसं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आप्पा शेडात, जुनी पेटी उघडलेली, पटाशी, रंधा, त्यांची ती पितळी कड्यांची पट्टी. ओळखीच्या गॅरेजमध्ये एक १टीआर खाली उतरवलेलं होतं तिथं मला घेऊन गेले, दोन तास बसून वहीत मापं काढली, समप, बेलहाउसिंग, स्टार्टरची जागा, मौंटिंगची भोकं. घरी येऊन प्लायवूड आणि पॅकिंगच्या फळ्यांचं अख्खं इंजिन केलंय. सहा दिवस लागले. आतून पोकळ, मी एकटा उचलतो. समपचा खोलगट भाग पण बरोब्बर केलाय, कडा पॉलिश पेपरनं घासलेल्या, कशाला घासल्या ते विचारलं तर म्हणाले सवय.

काल ते बॉनेटमध्ये उतरवलं. बसतं! फायरवॉलला हात जाईल एवढी जागा राहते, रेडिएटरला पण पुरते. फक्त समपची पुढची कड क्रॉसमेंबरला १८ मिलीमीटर लागते. आप्पा म्हणाले इंजिन मागं सरकवायचं नाही, गिअरचा दांडा सीटकडे येईल, समपच वेगळा करू, पॅटर्न मी देतो, ॲल्युमिनियममध्ये ओतून घ्या.

लेथवाले दादा, रविवारी सकाळी तुम्ही आहात काय? आप्पा येतो म्हणालेत, लाकडी इंजिन घेऊन.

उद्यमबाग_लेथ:

आहे की. दहाला या, कोअर बॉक्सचं, म्हणजे आतल्या पोकळीच्या साच्याचं पण बोलू. आप्पांना सांगा फौंड्रीतले दोन जुने लोक अजून तिथंच आहेत, त्यांना पण बोलावून ठेवतो.