'लाभार्थी' की 'विमाधारक'?

(नागपूरच्या महाल, धरमपेठ आणि इतवारी या वस्त्यांतल्या तिघांच्या गप्पा)

महाल: परवा आईला दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्यानं रेशनकार्ड उलटून पाहत विचारलं, "लाभार्थी कोण?" शेजारच्या काकांना मात्र सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात 'विमाधारक' म्हणतात. इलाज दोघांचाही होतो, मग शब्द दोन कायले?

धरमपेठ: पैसा कोण भरतो यावरून. कामगार विम्यात पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे कापले जातात, ३.२५ टक्के मालक घालतो. हप्ता स्वतःचा, म्हणून विमाधारक. २०१८ च्या आयुष्मान भारतात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. खर्च केंद्र आणि महाराष्ट्र ६०:४० वाटून घेतात. रुग्ण काहीच भरत नाही, म्हणून लाभार्थी.

इतवारी: काहीच भरत नाही कसा? माझं किराण्याचं दुकान आहे. तेलाच्या पाकिटावरचा जीएसटी धुणीभांडी करणारी बाईही भरते. तिचा हप्ता दिसत नाही, एवढंच. 'लाभार्थी' म्हटलं की माणूस हात पसरून उभा वाटतो. आमच्या गल्लीत तर सरळ 'फोकटचा इलाज' म्हणतात.

धरमपेठ: मान्य. ही योजना राबवणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या नावातही 'विमा' नाही, 'हमी' आहे: राज्य आरोग्य हमी सोसायटी. आणि हा नुसता शब्दच्छल नव्हे. विमा पद्धतीत सरकार कंपनीला कुटुंबामागे ठरलेला हप्ता देतं, मग कुणी आजारी पडो न पडो. हमी पद्धतीत मध्ये कंपनी नसते, दवाखान्याचं बिल सरकारी यंत्रणाच चुकतं करते. कंपनीचा नफा वाचतो, पण रुग्ण वाढले की भार थेट तिजोरीवर. बोलताना आपण दोन्हीला 'विमा'च म्हणतो.

'हप्ता'ही पाहा. फारसी 'हफ्ता', म्हणजे आठवडा. पुढे कर्जाचा हप्ता, गुंडाचा हप्ता, विम्याचा हप्ता. कर्जाच्या हप्त्यात गाडी दारात तरी उभी असते. विम्याचा हप्ता वाया जावा अशीच देवाजवळ प्रार्थना!

महाल: त्यावर करही होता ना?

इतवारी: १८ टक्के. इथल्याच आयुर्विमा कर्मचारी संघटनेनं निवेदन दिलं, गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य. तेलाच्या पाकिटावरचा आहेच.

महाल: मग आईच्या फॉर्मवर काय लिहू?

धरमपेठ: छापलंय तेच राहू द्या. खोडाल तर परत रांगेत उभं करतील.