युसेबियस: इतिहासकार की बादशहाचा भाट?

खवचट: आज तिसऱ्यांदा तीच रील आली. 'युसेबियस नावाच्या बिशपने 325 साली नायसियाच्या परिषदेत बायबल ठरवलं आणि बाकीचं जाळलं.' अरे बाबांनो, त्या परिषदेच्या 20 नियमांत बायबलच्या पुस्तकांची यादीच नाही. भांडण एरियस या धर्मगुरूच्या मताचं (येशू हा देवबापाच्या बरोबरीचा नाही) आणि ईस्टरच्या तारखेचं होतं. उलट बायबलातल्या याकोब, यहूदा, दुसरं पेत्र या पत्रांबद्दल वाद आहे, हे या गृहस्थानं आपल्या 'चर्चच्या इतिहासा'त स्वतःच नोंदवलंय. बनवाबनवी करणारा असं लिहील?

रोखठोक: झालं, भाटाला वकील मिळाला! त्याच इतिहासात रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनच्या मुलाला, क्रिस्पसला, देवाचा लाडका म्हणून डोक्यावर घेतलं. 326 साली बापानं त्याला मारवलं. नंतरच्या कॉन्स्टंटाईन-चरित्रात मुलाचं नावसुद्धा नाही. आपल्या बखरकारांना उठताबसता झोडपता, मग याला सूट का?

वसईची_सून: काही म्हणा, अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पान्तैनस हिंदात गेला आणि तिथे त्याला येशूचा शिष्य बार्थोलोम्यू यानं ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान सापडलं, हे युसेबियसमुळेच कळलं. बार्थोलोम्यू कल्याणला उतरला होता. माझ्या आजेसासूबाई आम्हाला हेच सांगायच्या.

खाडीपलीकडे: त्यात कल्याण कुठंय? तेव्हा अरबस्तानाला नि इथिओपियालाही लोक हिंदच म्हणायचे.

वसईची_सून: सहाव्या शतकात कॉस्मास या प्रवासी व्यापाऱ्यानं कल्लियानात, म्हणजे आपल्या कल्याणात, इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय. वाचा जरा!

खाडीपलीकडे: बार्थोलोम्यू पहिल्या शतकातला. मधली पाचशे वर्षं काय टिटवाळा लोकलमध्ये अडकली होती?

वसईची_सून: आमच्या म्हाताऱ्या माणसांना हसायचं काम नाही. तुमच्या घरच्या आजीच्या गोष्टींना पुरावे मागता का कधी?

खाडीपलीकडे: मागतो. म्हणून आजी माझ्याशी बोलत नसे.

खवचट: अहो, धागा युसेबियसचा आहे, मध्य रेल्वेचा नाही! पान्तैनसचा तो मजकूर काढून बघा. गेला 'असं म्हणतात', सापडलं 'असं सांगतात'. एवढ्याशा मजकुरात दोनदा हात राखून लिहिलंय. रीलवाल्यांनी एकदा तरी असं लिहावं.

रोखठोक: बरं बुवा, सांगोवांगीला सांगोवांगी म्हणतो, तेवढ्यापुरता बखरकारांपेक्षा दोन बोटं वर. खूश? क्रिस्पसचं उत्तर अजून आलेलं नाही.

खवचट: येणारही नाही. तिथे तो भाटच.

वसईची_सून: आणि टिटवाळा लोकल कल्याणला थांबते. बघून घ्या.