मदत हवी आहे: रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत 'नन' (None, काही सापडलं नाही) शाखेतही उधारी (borrow) का संपत नाही?

माझं एक छोटं फंक्शन आहे. हॅशमॅपचा (की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा) म्यूटेबल (बदल करू देणारा) रेफरन्स आणि स्ट्रिंग-स्लाइस (&str) ही की (key) घेतं. गेट_म्यूटने शोधतं, सापडलं तर तोच रेफरन्स परत करतं, नाही सापडलं तर नवीन नोंद इन्सर्ट करून तिचा रेफरन्स देतं. कंपायलर ई०४९९ (एकाच वेळी दोन म्यूटेबल उधाऱ्या) ही एरर देतो: पहिली उधारी गेट_म्यूटच्या ओळीवर, दुसरी इन्सर्टच्या. पण 'नन' आलं म्हणजे हातात रेफरन्स नाहीच, मग उधारी कोणाच्या नावावर?

गंमत म्हणजे 'सम' (Some, सापडलं) शाखेत रेफरन्स रिटर्न न करता तिथेच वापरून सोडला, तर हेच मॅच बिनतक्रार कंपाइल होतं. म्हणजे घोळ रिटर्नमुळेच आहे, आणि लाइफटाइम 'ए ('a, रेफरन्स किती काळ वैध याची खूण) मी मॅप व परतावा दोघांनाही नीट लावलंय.

करून पाहिलेलं: हॅशमॅपचं एन्ट्री (entry) फंक्शन चालतं, पण त्याला मालकीची स्ट्रिंग लागते, म्हणजे की आधीच असली तरी प्रत्येक हाकेला अ‍ॅलोकेशन. कंटेन्स_की आधी तपासलं तर कंपाइल होतं, पण की असताना दोनदा शोध. हे फंक्शन लॉग पार्सरच्या आतल्या लूपमध्ये आहे आणि बहुतेक वेळा की आधीच असते, म्हणून दोन्ही खटकतात. क्लोन नको, मला मूळ नोंदच बदलायची आहे.

अटी: फक्त स्टेबल कंपायलर (म्हणून पोलोनियस हा प्रायोगिक उधारी-तपासक बाद), अनसेफ नको, बाहेरचं क्रेट (लायब्ररी) शक्यतो नको.

रिटर्न असल्यावर 'ए ची उधारी 'नन'च्या वाटेवरही नेमकी का पसरते? आणि की असताना एकच शोध, शून्य अ‍ॅलोकेशन, हे निव्वळ स्टँडर्ड लायब्ररीत जमतं का?