किरणोत्सारी दुर्घटनेसाठी कॅज्युअल्टीतील लोकांना कसे तयार करावे?

प्रश्न – वैद्यकीय अधिकारी, जालना

आमच्याकडच्या पोलाद कारखान्यांत रोज भंगार वितळवले जाते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि एका माणसाचा जीव गेला. तसे तुकडे हाताळलेली तीस-चाळीस माणसे रात्री दोन वाजता आमच्या दारात आली, तर काय करायचे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. दोन सिस्टरांनी तर अशा रुग्णाला हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. एका दिवसाचे प्रशिक्षण ठेवायचे झाले, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर – वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

त्या सिस्टरांच्या भीतीपासूनच करावी. ज्याच्या अंगावर नुसते किरण पडले, तो एक्स-रे काढून आलेल्या रुग्णासारखाच असतो आणि त्याच्यापासून कोणालाही धोका नसतो. ज्याच्या अंगावर किरणोत्सारी धूळ आहे, त्याचे बाहेरचे कपडे उतरवले की बहुतेक धूळ त्यांच्याबरोबरच जाते. मात्र खिशात धातूचा तुकडा सापडला, तर तो हाताने न उचलता लांब चिमट्याने उचलून दूर ठेवावा. रक्तस्राव चालू असेल किंवा श्वास अडकला असेल, तर आधी त्यावर उपचार करायचे आणि किरणोत्सार मोजणारा मीटर नंतर लावायचा, हा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडला पाहिजे. जवळच्या रेडिओथेरपी विभागात सर्व्हे मीटर आणि तो वापरणारा माणूस दोन्ही असतात. त्यांचा फोन नंबर आजच भिंतीवर लावा.

उत्तर – इन्चार्ज सिस्टर, लातूर

व्याख्यानाने हात तयार होत नाहीत. आम्ही सरावात रुग्ण झालेल्या मुलाच्या शर्टावर हळद टाकली, शर्ट पुढून कापून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढला आणि पिशवीत बांधला. नंतर पाहिले तर एका सिस्टरच्या मनगटावर, हातमोजा आणि गाऊनच्या बाहीमध्ये, पिवळी रेघ होती. तिथे चिकटपट्टी का लावायची, हे त्यानंतर कोणालाही सांगावे लागले नाही. मामा, मावशी (वॉर्डबॉय आणि आया) आणि गेटवरचा चौकीदार यांनाही सरावात घ्याच, कारण रुग्णाला पहिला हात तेच लावतात.

उत्तर – शल्यचिकित्सक, अंबाजोगाई

१९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी मी शिकाऊ डॉक्टर होतो; जखमींइतकीच नातेवाइकांची गर्दी आवरताना आमची दमछाक झाली होती. इथे तर न दिसणाऱ्या गोष्टीची भीती असेल. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये सीझियम-१३७ पसरले, तेव्हा सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली आणि दूषण आढळले ते २४९ जणांवर. म्हणून तपासणीची जागा कॅज्युअल्टीपासून वेगळी, शक्यतो मैदानात ठेवा. किरण लागल्यानंतर पहिली उलटी किती वेळाने झाली, हे प्रत्येकाच्या कागदावर लिहा; त्यावरून किरणांचा मारा किती झाला याचा अंदाज येतो. पण उलटी भीतीनेही होते, त्यामुळे दर सहा तासांनी रक्तातील लिम्फोसाइट (किरणांच्या माऱ्याने घटणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजत राहा. ती सोय आपल्याकडे आहेच. आणखी एक, लोक आयोडीनच्या गोळ्या मागतील. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइडला वाचवतात; कोबाल्ट किंवा सीझियमवर त्यांचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. हळदीचा सराव रात्रपाळीतच घेतो, कारण माणसे तेव्हाच सर्वांत कमी असतात. एक शंका राहते: रुग्णांना धुतलेले पाणी गटारात जाऊ द्यायचे का?

उत्तर – वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

टबात किंवा टाकीत साठवता आले तर साठवा. पण टाकी मिळेपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवू नका.